टप कसला घालायचा ते राहिलंच

बाबल, तू गेल्यापासून जो तो येऊन तू किती गुणाचा होतास ते मला सांगतोय. मी मान डोलावून ऐकून घेतो. पण तुला म्हणून सांगतो, आतून माझं डोकं फिरतं. गुणाचा कसला? एक नंबरचा हट्टी माणूस तू. साधं आज वारा दक्षिणेचा आहे म्हटलं तरी 'असो कसो?' म्हणून मांडी ठोकून बसायचास. एका शेडमध्ये तुझ्याबरोबर उभं आयुष्य काढलं मी. मला कोण शिकवतोय तू कसा होतास ते.

खाडीकडची आपली शेड मी आजही उघडली. रोजच उघडतो, दुसरं करू काय? ट्रेलर होता तिथेच आहे. खालचा सांगाडा, चाकं, बाजूच्या फळ्या, आतले पंख ठेवायचे घोडे, सगळं झालंय. वर ताडपत्री टाकून ठेवलीय. टप तेवढा नाही. टप कसला घालायचा यावर तुझं माझं एकमत व्हायच्या आधीच तू निघून गेलास आणि मला या सांगाड्याजवळ बसवून ठेवलंस.

आठवतं, साहेब पहिल्यांदा आले तेव्हा आपल्याला वाटलं, होडी सांगायला आलेत. सैन्यातून निवृत्त झालेला ताठ माणूस, आजोळ मालवणचं, आता घाटावरच्या एका ग्लायडर क्लबचं काम बघतो म्हणाला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, लाकडाचं आणि कापडाचं. त्याचे पंख सोडवायचे, धड मधे ठेवायचं, पंख दोन बाजूंना, आणि हा सगळा संसार एका लांबलचक पेटीत घालून जीपच्या मागे बांधून न्यायचा. ती चाकांची पेटी आपण बांधून द्यायची होती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "इंजिन नाय तर ता उडता कसा?" साहेब अर्धा तास समजावत होते. ते गेल्यावर तू मला म्हणालास, माणूस चांगला आहे पण त्याला कोणीतरी फसवलंय.

पेटीचं झाकण म्हणजे हा टप. बसगाडीला असतो तसाच, फक्त हा एका टोकाला बिजागरी लावून वर उचलता यायला हवा. फायबरचा करा नाहीतर ॲल्युमिनियमचा, तुम्ही दोघे जाणते आहात, आपसात ठरवा, असं साहेब म्हणून गेले. त्या भल्या माणसाला काय ठाऊक, आपण दोघांनी आपसात चहात साखर किती घालायची हेसुद्धा आजवर ठरवलेलं नव्हतं.

तुझी बाजू सांगायलाच नको. पिढ्यान् पिढ्या होड्या बांधणाऱ्या घरातला तू. लाकूड सोडून गोव्याला गेलास आणि फायबर शिकून आलास, तेव्हा तुझ्या बापाने तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता आतापर्यंत इथले रापण ओढणारे मासेमार तुझ्या होडीला 'प्लास्टिकचा टोपला' म्हणायचे. त्या सगळ्यांना पुरून उरलास, म्हणून फायबर म्हणजे तुझा जीव. आणि मी कोल्हापुरात बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात रिबीट मारत वाढलेला. पत्र्यावर बोट फिरवून सांगेन सांधा कुठे गळणार ते. तू रेझीन कालवायला लागलास की त्या वासाने माझं कपाळ उठायचं. मी पत्र्यावर हातोडी घातली की तू कानात बोटं घालून खाडीवर जाऊन बसायचास. तरी शेड एकच, आणि दुपारची पेज एकाच टोपातली. ती तुझ्या घरून यायची, कारण मी लग्न केलं नाही. त्यावरूनही तू वाद घातलास, अगदी परवापरवापर्यंत.

टपाचं भांडण आपण पहिल्याच संध्याकाळी सुरू केलं. मी म्हटलं, ही गाडी फोंडाघाट चढून जायची आहे, टप हलका हवा. तुझा फायबर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तू म्हणालास, हलक्याची हौस असेल तर वर पातळ धोतर बांध. मी म्हटलं, पत्र्याला पोचा आला तर घाटावरचा कुठलाही बॉडीवाला ठोकून देईल, तुझ्या फायबरला चीर गेली तर तिथे कोण आहे? तू म्हणालास, माझ्या फायबरला चीर जातेच कशाला. मी म्हटलं, उन्हाने वरचा थर मरतो. तू म्हणालास, पत्र्याची पेटी सकाळी आतून घामाघूम होते, ते पाणी लाकडी पंखांवर टपटप पडेल, सरस सुटेल, आणि एक दिवस साहेब वर आणि पंख खाली. असं बोलू नये, मी म्हटलं. त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

मग ती परीक्षा. आता आठवलं तरी हसू येतं, पण हसायला सोबत कोणी नाही म्हणून तसंच राहतं. आपण फायबरचा एक तुकडा आणि लोखंडी पट्टीवर रिबीट मारलेला ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेतला, आणि दोन्ही सुंभाने धक्क्याच्या खांबाला बांधून खाडीत सोडले. खाऱ्या पाण्यात कोण टिकतो बघू. रोज सकाळी तू आधी तिकडे जायचास, सुंभ वर ओढून बघायचास आणि परत सोडायचास. माझ्या तुकड्यावर रिबिटांभोवती पांढरी भुकटी धरली तेव्हा तू अख्ख्या बाजाराला सांगितलंस. नंतर तुझ्या तुकड्यावर इतकी कालवं बसली की तो ओळखू येईना, ते मात्र कोणाला सांगितलं नाहीस. त्यानंतर आणखी एक काढलंस. माडाखाली दोन्हींचे तुकडे मांडले आणि वर पाडेकऱ्याला चढवून नारळ टाकून बघितले. माझ्याला पोचा, तुझ्याला चीर. दोघंही तोंड पाडून बसलो.

आणि साहेब आले. आपण मोठ्या तोऱ्याने तुकडे समोर ठेवले, हा खाऱ्या पाण्याने खाल्लेला, हा नारळाने फोडलेला. साहेबांनी दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघितले. मग हळूच म्हणाले, "अहो, तो ट्रेलर घाटावर राहणार आहे. तिथे समुद्र नाही. माडही नाही."

काय तोंड झालं होतं आपलं. समुद्र नसलेलं गावही असतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तर एवढी वर्षं कोल्हापुरात काढली होती, तरीही. साहेब गेल्यावर तू म्हणालास, "समुद्र नाय म्हणजे मगे थंयली माणसा संध्याकाळची बघतत काय?"

त्या संध्याकाळचं मात्र मी तुला माफ करणार नाही. तू शर्ट खांद्यावर टाकून निघालास, दारात थांबलास, आणि ओठांत हसत म्हणालास, "दत्त्या, माका एक मुद्दो गावलो आसा. तो ऐकलंस काय तू गप बसतलंस."

सांग मग, मी म्हटलं.

"आता नाय. फाल्या सांगतंय. आज जरा तळमळ."

आणि उद्याचा वायदा करून गेलास. सकाळी पेजेची वाटी पुढ्यात घेऊन बसलास आणि तसाच कलंडलास. मी धावत आलो तोवर तुझ्या घरात माणसं मावत नव्हती. मला दारातूनच कळलं. मी तिथे उभ्या उभ्या तुला शिवी घातली, मोठ्याने. लोकांना वाटलं मी दुःखाने बोललो. मी रागाने बोललो होतो रे. मुद्दा न सांगता जातोस कसला?

आपल्यात उठताबसता 'मेल्या' म्हणायची रीत. दिवसातून शंभरदा म्हणायचो आपण एकमेकांना. आता तो शब्द तोंडाशी आला की मी गप्प होतो.

एक गोष्ट मला कधी सुचली नव्हती, ती तू गेल्यावर कळली. तुझं सुतक मला नाही. तुझी भावकी सगळी सुतकात. ज्या चुलत्याने तुझ्याशी आंब्याच्या फांदीवरून कोर्टकचेरी केली तोसुद्धा सुतकात, त्याची मुंबईची मुलं सुतकात, ज्यांनी तुला जेमतेम दोनदा पाहिलं असेल. आणि मी मोकळा. मी दाढी करायची सोडली होती, कोणी सांगितलं म्हणून नाही, हात जात नव्हता म्हणून. तर तुझा चुलता ओसरीवरून मला म्हणाला, "तुका खंय सुतक? तू दाढी कित्याक वाढवतंस?" बरोबरच होतं त्याचं. आपलं आडनाव वेगळं, देवक वेगळं, मी तुझा कोणी नव्हतो. मी घरी येऊन दाढी केली. एवढं परकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

वयनींना मी विचारलं. विचारू नये तेव्हा विचारलं, पण मला राहवेना. आदल्या रात्री बाबल घरी काही बोलला का, टपाचं, फायबरचं? त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "नाय भावजी. माका ह्येनी कायएक सांगूक नाय," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या की जेवताना एकटेच हसत होते, मी विचारलं तर म्हणाले, फाल्या दत्त्याची जिरवतलंय. एवढं सांगून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी उठून आलो.

म्हणजे मुद्दा होता. नुसती थाप नव्हती. तेव्हापासून मी तो शोधतोय. शेडमध्ये बसतो, ताडपत्री बाजूला करतो आणि तुझ्या डोक्याने विचार करायला बघतो. त्रासाचं काम आहे ते. आवाजाचा असेल का, की खडबडीत रस्त्यावर पत्रा खडखडतो आणि रिबिटं ढिली होतात? तो तर तू आधीच बोलला होतास. रंगाचा? की फायबर वाकवावा तसा वाकतो, पंखांच्या शेंड्यांना जागा बेताची लागते? तो चांगला मुद्दा आहे, पण तेवढ्याने मी गप्प बसलो नसतो, हे तुलाही माहीत होतं.

मग एका दुपारी मला सुचलं की साचा. पत्र्याचा टप एकदा करून दिला की संपला. दुसरा करायचा तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा माझेच हात, आणि माझे हात आता हातोडी धरली की कापायला लागतात. तू बघितलं होतंस ते, बोलला नव्हतास. फायबरचा साचा एकदा केला की तो मागे राहतो. तुझा थोरला त्यातून दुसरा काढेल, तिसरा काढेल, तू नसलास तरी, मी नसलो तरी. हे सुचलं आणि मी खरोखरच गप्प बसलो. पण हा तुझा मुद्दा असेल असं मला वाटत नाही. तू एवढा पुढचा विचार करणारा असतास तर शेडचं छप्पर आधी शाकारलं असतंस.

ॲल्युमिनियमच्या बाजूने बोलायला गेलो तर आता माझ्याच तोंडून तुझी उत्तरं येतात. हलका आहे म्हणतो, आणि लगेच मनात येतं, पातळ धोतर बांध. तुझा थोरला येतो बाहेरून, उंबरठ्याबाहेर उभा राहतो, सुतक आहे म्हणून अवजारांना हात लावत नाही. पोरगा हाताने चांगला आहे, रेझीन तुझ्यापेक्षा नीट कालवतो. पण मी त्याला विचारलं, तुझं काय मत, फायबर की पत्रा? तर म्हणाला, "काका, तुमी सांगशात तसा." एवढा गुणी पोरगा तुझ्या पोटी कसा आला कोण जाणे. मी चिडून त्याला घरी पाठवला.

अशात साहेबांची तार आली, आणि मागोमाग साहेब. तुझं ऐकून ट्रेलरच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले की हंगाम तोंडावर आलाय, क्लबची मंडळी घाई करतायत. तुम्हाला आत्ता जमणार नसेल तर मन मारून करू नका, मी सांगाडा घेऊन जातो, टप तिकडेच कोणाकडून तरी घालून घेतो. दोन दिवस तारकर्लीला नातलगांकडे आहे, जाताना येतो, तोवर काय ते नक्की सांगा. आवाज न चढवता बोलले, पण मी ताडपत्री ओढून सांगाडा झाकून टाकला. आपला ट्रेलर, आणि टप भलत्याच कोणाचा? दोघांनी एवढं भांडायचं आणि तिसऱ्याने झाकण लावायचं? त्यापेक्षा तो खाडीत ढकललेला बरा.

म्हणून मी रवळनाथाच्या देवळात गेलो. हसू नकोस. कौल लावायला नेहमी तू जायचास, नव्या होडीला मुहूर्त विचारायलासुद्धा, आणि मी तुला चिडवायचो की देवाला रेझीनमधलं काय कळतं. पण आता माझ्या डोक्यात दोन्ही बाजू सारख्याच बोलत होत्या, आणि एक बाजू तरी कोणीतरी बंद करायला हवी होती.

तिन्हीसांजा व्हायच्या होत्या. देवळात गुरव एकटाच होता. त्याने आधी मला सुतक आहे का विचारलं. नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं, टप, फायबर, पत्रा, साहेब. उजवी कळी फायबरची, डावी ॲल्युमिनियमची, आधी पडेल तो देवाचा शब्द. त्याने तबकातल्या कळ्या पाण्यात बुडवल्या, पाषाणाला चिकटवायला हात उचलला आणि थांबला. वाद कोणाकोणाचा, असं विचारलं. मी म्हटलं, माझा आणि बाबलचा.

"वादाचो कौल आसा तर दोनय बाजू देवाफुडे उभ्यो रवाक व्हयो," तो म्हणाला. "बाबलच्या बाजून कोण रवतलो?"

आता काय सांगणार? तुझी मुलं, भाऊ, पुतणे, तो चुलता, कोणालाच देवळाची पायरी चढता येत नव्हती. सगळ्यांना सुतक. तुझी बाजू ज्याला तोंडपाठ आहे आणि ज्याला सुतक नाही, असा गावात एकच माणूस होता. मी डावीकडे उभा होतो तो सरकून उजवीकडे गेलो.

"मी रवतंय," म्हटलं.

गुरवाने मान हलवली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. कळ्या हातात तशाच धरून त्याने पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि सहज विचारलं, "मगे तुझ्या बाजून कोण?"

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं रे. सभामंडपात चिटपाखरू नव्हतं. कोण नाय, मी म्हटलं.

"मगे वाद खंय रवलो?" त्याने कळ्या परत तबकात ठेवल्या. "जा, फायबर घाल. एवढ्यासाठी देवाक कित्याक विचारूचा?"

तर ठरलं. साहेबांना सांगितलं, त्यांनी मान्य केलं. सुतक फिटलं की थोरला साचा धरेल, मी सांगाड्याला बिजागऱ्या बसवून ठेवतो. टप फायबरचा होणार बाबल, तू जिंकलास. हरल्याचं मला काही वाटत नाही, खरंच नाही. पण तू असतास ना देवळात, तर मी तुझ्या बाजूला सरकलेला बघून एक क्षण तिथे थांबला नसतास. 'फायबर कसो? पत्रोच व्हयो,' म्हणत तडक पलीकडे गेला असतास आणि माझ्या जागेवर छाती काढून उभा राहिला असतास, नुसता मला एकट्याने ठरवू द्यायचं नाही म्हणून. गुरव आत निघून गेल्यावरही मी जरा वेळ उजवीकडेच उभा होतो. पलीकडे कोणी आलं नाही.